राखेच्या बेटावर रान कसे आले

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने वनस्पतींविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादी भूमी पूर्णतः उजाड झाली आणि पुढे तेथे जीवन नांदू लागले, तर तेथे प्रथम कोण आले, कोणत्या वाटेने आले, कोण येऊनही टिकले नाही, कोणाला येताच आले नाही आणि या सर्वांस पुरावा कोणता, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. फरक एवढाच की येथे ताम्रपट नाहीत, शिलालेख नाहीत, बिया आहेत. आपल्या शाळांत ज्वालामुखी भूगोलाच्या तासाला शिकवला जातो आणि बीजप्रसार विज्ञानाच्या तासाला. दोन्ही धडे पाठ होतात, पण एकमेकांना भेटत नाहीत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते एकत्र वाचावेत, या हेतूने हा अभ्यासलेख आम्ही लिहीत आहोत.

आमच्यासमोरचे मुख्य उदाहरण इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटाचे आहे. जावा आणि सुमात्रा या दोन मोठ्या बेटांच्या मधोमध सुंदाची सामुद्रधुनी आहे आणि तीत हे बेट होते. तो प्रदेश त्या काळी डच सत्तेखाली होता. मे १८८३ पासून बेटावरील ज्वालामुखी धुमसू लागला. २६ ऑगस्टच्या दुपारी मोठे स्फोट सुरू झाले आणि २७ ऑगस्टच्या सकाळी बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा झाला. त्या स्फोटाचा आवाज हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटर अंतरावर, तोफांच्या माऱ्यासारखा ऐकू आला. समुद्राच्या प्रचंड लाटांनी जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वनस्पतींच्या पुस्तकांत ही संख्या एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात शेवाळाचे वर्णन सुरू होते. विद्यार्थ्यांनी त्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. माणसांच्या दृष्टीने थांबावेच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीनेही थांबावे. जेथून बिया यावयाच्या, ते शेजारचे किनारेही त्या दिवशी उद्ध्वस्त झाले होते. सर्वांत जवळचे सेबेसी नावाचे बेटही राखेखाली गेले होते. म्हणजे केवळ घर जळाले नव्हते. शेजाऱ्याकडेही देण्यासारखे फारसे उरले नव्हते.

मूळ बेटाचा जो तुकडा शिल्लक राहिला त्यास राकाता म्हणतात. तो समुद्रातून सुमारे आठशे मीटर उंच उभा आहे. त्याच्या बाजूला सेर्तुंग आणि पांजांग ही दोन लहान बेटे आहेत. तिन्हींवर गरम राख आणि प्युमिस नावाच्या हलक्या, सच्छिद्र दगडाचे थर साचले. काही ठिकाणी त्यांची जाडी दहा-दहा पुरुषांहून अधिक होती. मे १८८४ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर नऊ महिन्यांनी, एक फ्रेंच मोहीम तेथे उतरली. तीतील एदमों कोतो यांना सर्व शोधाअंती एकच सजीव आढळला : एक सूक्ष्म कोळी, जाळे विणीत बसलेला. जाळ्यात अडकायला कोणी कीटक नव्हता. तो कोळी स्वतःच्या रेशमी धाग्यावर वाऱ्याने उडत आला असावा, असे मानले जाते.

पुढची महत्त्वाची भेट मेल्खिओर ट्रॉइब यांची, जून १८८६ मधील. ते जावातील बोइटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोर येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाचे संचालक होते. त्यांना तीन वर्षांच्या आत २६ प्रकारच्या वनस्पती सापडल्या. त्यांपैकी ११ नेचे होते आणि १५ फुलझाडे होती. राखेवर नीलहरित शैवालाचा बुळबुळीत पातळ थर पसरला होता आणि त्यावर नेचे वाढत होते. समुद्रकाठी मात्र निराळे दृश्य होते. तेथे किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे कोवळे रोप होते, आणि वाळूत लाटांनी आणून टाकलेल्या बिया व फळे पडलेली होती. एकाच बेटावर, एकाच वर्षी, काठावर एक समाज आणि आत दुसरा. याचे कारण मातीत कमी आणि वाटेत अधिक होते.

वाटा तीन : समुद्र, वारा आणि प्राणी. जावा आणि सुमात्रा ही दोन्ही मोठी बेटे क्राकाटोआपासून सुमारे चाळीस-चाळीस किलोमीटर दूर आहेत. माणसाला होडीने हे अंतर एका दिवसाचे आहे. बीला मात्र कोणीतरी न्यावे लागते.

समुद्राच्या वाटेविषयी चार्ल्स डार्विन यांनी क्राकाटोआच्या बरेच आधी विचार केला होता, आणि केवळ विचार केला नव्हता. त्यांनी घरी खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत बिया बुडवून ठेवल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही जिवंत होत्या. समुद्रप्रवाहांचा सरासरी वेग धरून २८ दिवसांत बी किती मैल जाईल, याचाही हिशेब त्यांनी केला. विद्यार्थ्यांनी या प्रयोगाची किंमत लक्षात घ्यावी. बाटली, मीठ, पाणी, बिया आणि रोजची नोंद, एवढ्या साहित्यावर तो झाला. आपल्या शाळेतही तो होऊ शकतो. प्रयोगशाळा नाही, ही सबब येथे चालणार नाही.

क्राकाटोआच्या वाळूवर समुद्राने जे आणले, त्यातील बहुतेक मंडळी कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटतील. मर्यादवेल, नारळ, उंडी, सुरू, केवडा, देशी बदाम. उष्ण प्रदेशातील सागरकिनाऱ्यांवर ही झाडे दूरदूरपर्यंत सारखीच आढळतात, कारण त्यांची फळे तरंगतात. नारळाचा काथ्या आपण दोर वळायला वापरतो. झाडाच्या दृष्टीने ती होडी आहे. उंडीच्या फळाचे कवच कठीण आणि हलके असते. मर्यादवेलीचे बी टणक, पाणी आत शिरू न देणारे. म्हणूनच किनाऱ्यावरील वनस्पतींचा समाज फार लवकर उभा राहिला. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचे रूप जवळजवळ ठरून गेले. परंतु समुद्राची एक मर्यादा आहे. तो बी काठावर टाकतो आणि निघून जातो. डोंगराच्या माथ्यावर नेऊन ठेवणे त्याच्या हाती नाही. देशी बदामाला मात्र दोन वाहने मिळाली. त्याचे फळ तरंगतेही आणि वटवाघळेही ते उचलून नेतात. त्यामुळे तो काठावर थांबला नाही.

वाऱ्याची वाट आत जाणारी होती. नेच्यांचे बीजाणू धुळीपेक्षाही सूक्ष्म. एका पानाच्या पाठीवर ते अगणित असतात आणि वर चढलेल्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात. आमरींच्या बियाही अशाच भुकटीसारख्या. सूर्यफुलाच्या कुळातील कित्येक रानटी वनस्पतींच्या बियांना केसांची छत्री असते. आपल्या गावाकडे रुईचे बोंड फुटल्यावर पांढऱ्या तंतूंवर तरंगत येणाऱ्या बीला मुले ‘म्हातारी’ म्हणतात आणि तिच्यामागे धावतात. तिला पकडून पुन्हा फुंकर मारून सोडणारे मूल त्या झाडाचे काम करीत असते, हे त्याला ठाऊक नसते. क्राकाटोआच्या उतारांवर नेच्यांनंतर गवत आले. १८९७ च्या पाहणीपर्यंत वनस्पतींची संख्या साठीच्या घरात गेली होती आणि आतला भाग उंच गवताने व्यापू लागला होता. त्यात कास होते, शरद ऋतूत आपल्याकडे नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारे तेच. त्याचे तुरे म्हणजे वाऱ्यावर सोडलेल्या बिया.

येथपर्यंतची कथा सोपी आहे. खरा प्रश्न यापुढे येतो. गवताचे रान झाले, पण झाडांचे रान कसे झाले? मोठ्या झाडांच्या बिया बहुधा जड असतात. त्या ना तरंगतात, ना उडतात. त्यांना पक्षी किंवा वटवाघूळ लागते. आणि पक्ष्याला बेटावर यायला काहीतरी कारण लागते. राखेच्या मैदानावर पक्षी उतरून काय करणार? बसायला फांदी नाही, खायला फळ नाही. म्हणून किनाऱ्यावरची सुरू व इतर झाडे मोठी झाली, गवतात तुरळक झाडे उभी राहिली, तेव्हा पक्ष्यांना थांबायला जागा मिळाली. पक्षी फांदीवर बसला की विष्ठेतून बी खाली पडते. म्हणून अशा एकाकी झाडाखाली नव्या झाडांची दाटी होते. ते झाड मोठे झाले, फळले, की आणखी पक्षी येतात. गवतातल्या या ठिपक्यांची बेटे झाली, ती एकमेकांना मिळाली, आणि १९३० च्या सुमारास राकातावर गवताच्या जागी बव्हंशी बंद जंगल उभे राहिले होते. १९०८ च्या नोंदींत शंभराहून अधिक जाती होत्या. १९३४ पर्यंत तिन्ही बेटांवर मिळून सुमारे २७० जातींची नोंद झाली.

या टप्प्यातील सर्वांत मोठे मानकरी म्हणजे उंबराच्या कुळातील झाडे. आपला वड, पिंपळ, उंबर, पायर हे सर्व त्याच कुळातले. त्यांचे फळ लहान, गोड, बहुबीज. पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे आवडते. बी इतके बारीक की दातांतून, चोचीतून, पोटातून सुखरूप सुटते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटांवर उंबरकुळातील वीसहून अधिक जाती वाढत होत्या. परंतु येथे एक अडचण आहे आणि ती विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. उंबर फोडला की आत जी केंबरे दिसतात, त्यांच्यातच त्या झाडाचे परागीभवन करणारे इवलेसे गांधीलकुळी कीटक असतात. उंबराची फुले फळाच्या आत मिटलेली असतात. तो कीटक आत शिरल्यावाचून परागीभवन होत नाही. आणि प्रत्येक जातीचा कीटक सामान्यतः वेगळा. म्हणजे पक्ष्याने एका उंबराचे बी आणले, रोप वाढले, झाड झाले, तरीही त्याच जातीचा तो नेमका कीटक समुद्र ओलांडून येईपर्यंत त्या झाडाला सुफळ धरता येत नाही. पाहुणा आला आणि त्याचा सोबती मागाहून आला नाही, तर पाहुण्याचा वंश तेथेच थांबतो. हे कीटक दिवस-दोन दिवसच जगतात, पण वाऱ्यावर लांबवर जातात. तिकडे उंबरांची वस्ती वाढत गेली, यावरून ते पोहोचले हे उघड आहे.

आता जे आले नाहीत त्यांच्याविषयी. जावा-सुमात्राच्या मूळ अरण्यांत ज्या महावृक्षांचे राज्य आहे, ते सालवृक्षाच्या कुळातले आहेत. भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण कुशिनारा येथे ज्या जोड सालवृक्षांखाली झाले, त्या झाडाचे हे आप्त. या कुळातील फळांना पंख असतात आणि ती भिरभिरत खाली येतात. पंख पाहून कोणालाही वाटावे की ही दूर जात असतील. प्रत्यक्षात बी जड असते, ते आईच्या आसपासच पडते, खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही, पक्षी ते गिळत नाहीत, आणि त्याची उगवणशक्ती फार थोडे दिवस राहते. आपल्याकडील सालाचे बी आठवड्याभरातच निर्जीव होऊ लागते. परिणाम असा की शतक उलटून गेल्यावरही क्राकाटोआच्या रानात या कुळातील वृक्ष नाहीत. पाऊस तसाच आहे, ऊन तसेच आहे, ज्वालामुखीची माती पुढे चांगलीच सुपीक झाली. तरीही ते नाहीत. नकाशावर चाळीस किलोमीटरचे पाणी आहे, आणि त्या झाडासाठी ते पाणी अथांग आहे.

आणखी एक गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञांना विचार करायला लावणारी ठरली. तिन्ही बेटे शेजारी-शेजारी आहेत, हवामान एक आहे, उजाड होण्याचा दिवस एक आहे. तरी रान एक नाही. राकातावर कदंबाच्या कुळातील निओनॉक्लिया या झाडाचे प्राबल्य झाले. त्याच्या बिया वाऱ्याने जातात. सेर्तुंग आणि पांजांग येथे टिमोनियस आणि कडुनिंबाच्या कुळातील डिसॉक्सायलम यांनी मोठा भाग व्यापला, आणि त्यांच्या बिया पक्षी वाहतात. कोणते बी कोणत्या बेटावर आधी पोहोचले, या काहीशा योगायोगाच्या गोष्टीने पुढच्या कित्येक दशकांचे रान ठरविले. त्यातच १९३० पासून या बेटांच्या मध्यभागी समुद्रातून वर आलेला नवा ज्वालामुखी, अनाक क्राकाटोआ म्हणजे ‘क्राकाटोआचे मूल’, अधूनमधून राख ओकतो आणि ती राख सेर्तुंग व पांजांगवर अधिक पडते. तेव्हा फरकाचे सगळे श्रेय योगायोगालाही देता येत नाही.

पोहोचणे म्हणजे वसणे नव्हे, हा भेद बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. संयुत्त निकायातील बीजसुत्तात पाच प्रकारची बीजे सांगितली आहेत : मूलबीज, खंधबीज, अग्गबीज, फळुबीज आणि बीजबीज. तेथे तथागत विचारतात की ही बीजे अखंड आहेत, सडलेली नाहीत, ऊन-वाऱ्याने बिघडलेली नाहीत, पण माती आणि पाणी नसेल तर ती वाढतील काय? आणि माती-पाणी आहे, पण बीज फुटके, कुजके असेल तर? दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असेच आहे. सुत्ताचा रोख विज्ञान आणि तृष्णा यांच्याकडे आहे, वनस्पतिशास्त्राकडे नाही. त्या काळी सर्व काही माहीत होते असा दावा करण्याची खोड इतरांना असेल, आम्हाला ती नको. परंतु कारणे एकत्र जुळल्याखेरीज कार्य घडत नाही, हा विचार तेथे स्पष्ट आहे.

त्याचे आधुनिक उदाहरण अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताचे. १८ मे १९८० रोजी त्याचा उद्रेक झाला आणि उत्तरेकडील मोठा प्रदेश प्युमिसच्या थराखाली गेला. तेथे वाऱ्याने छत्रीवाल्या बियांचा पाऊस पाडला, पण त्यांतील बहुतेक रुजल्याच नाहीत, किंवा रुजून खुरटल्या. त्या दगडी भुशात नत्र जवळजवळ नव्हते. उलट ल्युपिन नावाची एक लहानशी शेंगवर्गीय वनस्पती, जिचे बी जड आणि दूर न जाणारे, ती एक-दोन वर्षांत कशीबशी तेथे पोहोचली आणि फोफावली. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळांवर आपण पाहतो, त्याच त्या गाठी. ल्युपिनची बेटे झाली, त्यांत माती साचली, आणि मग वाऱ्याच्या बियांना आधार मिळाला. शिवाय सेंट हेलेन्सच्या आसपास काही ठिकाणी बर्फाखाली आणि मातीखाली मुळे, कंद, उंदीरवर्गीय प्राणी जिवंत राहिले होते. त्यामुळे तेथील सगळेच रहिवासी बाहेरून आलेले नव्हते.

आइसलँडजवळचे सुर्त्से बेट या बाबतीत अधिक स्वच्छ उदाहरण आहे. ते १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून वर येताना दिसले आणि उद्रेक जून १९६७ पर्यंत चालला. तेथे पूर्वी काही होतेच नाही, म्हणून काही उरण्याचा प्रश्नच नव्हता. पहिली फुलझाडाची जात १९६५ मध्ये वाळूत दिसली. तिचे बी समुद्राने आणले होते. पहिली वीस वर्षे प्रगती मंद होती. मग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सीगल पक्ष्यांनी तेथे घरटी करून वसाहत केली. त्यांच्या विष्ठेने खत मिळाले, त्यांच्या पोटातून आणि अंगावरून बिया आल्या. बेटावर नोंदल्या गेलेल्या वनस्पतींपैकी तीनचतुर्थांशाच्या आसपास जाती पक्ष्यांनी आणल्या, असे तेथील अभ्यासक मानतात. लक्षात घेण्याजोगे हे की त्यांतील बहुतेकांना रसाळ फळ नाही. ‘पक्ष्यांनी पसरणारे बी म्हणजे गोड फळातले बी’, ही पाठ्यपुस्तकातली विभागणी सीगलने वाचलेली नाही. डार्विन यांनी एका तळ्याकाठचा तीन चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला होता आणि त्यातून ५३७ रोपे उगवली होती. पाणपक्ष्याच्या पायाला लागलेला चिखल काय करू शकतो, याचा अंदाज त्यावरून यावा. सुर्त्सेवर संशोधकांखेरीज कोणालाही उतरू देत नाहीत. तरी एकदा तेथे टोमॅटोचे रोप उगवले. चौकशीअंती कळले की कोणा मानवी पाहुण्याच्या शौचातून ते बी आले होते. रोप उपटून टाकण्यात आले. मुले हा प्रसंग ऐकून हसतात. हसावेच, पण त्यात बीजप्रसाराचा अख्खा धडा आहे.

आता आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. क्राकाटोआवर ‘सर्व काही’ नष्ट झाले होते, हे कशावरून? १९२९ मध्ये सी. ए. बाकर या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने हाच प्रश्न विचारून खळबळ उडविली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : उद्रेकानंतर बेटाचा पूर्ण, बारकाईने शोध कोणीही घेतला नाही. जे गेले ते काही तास किंवा काही दिवस थांबले, किनाऱ्याच्या सोयीच्या जागी उतरले, उंच भागापर्यंत फार थोडे पोहोचले. मग कोणत्याही दरीत एखादे मूळ, एखादे बी जिवंत राहिले नाही, हे तुम्ही कसे सांगता? आणि ते सांगता येत नसेल, तर नंतर दिसलेले प्रत्येक झाड समुद्रापलीकडून आले, हे तरी कसे सांगता? पुढे डॉक्टर्स व्हॅन लेउवेन यांनी १९३६ मध्ये क्राकाटोआवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पूर्ण नाशाचा पक्ष मांडला. आज बहुतेक अभ्यासक त्याच बाजूचे आहेत. ज्या क्रमाने वनस्पती आल्या, तो क्रम वाहनांच्या क्रमाशी जुळतो, हा त्यांचा भक्कम आधार आहे. जुन्या रानाचे अवशेष उरले असते, तर जड बियांची झाडे आधी दिसायला हवी होती. ती तशी दिसली नाहीत.

आमच्या मते बाकर यांचा निष्कर्ष मागे पडला, तरी त्यांचा प्रश्न मागे पडत नाही. ‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ यांत अंतर आहे. आमच्या समाजाचा इतिहास लिहिताना या अंतराचा अनुभव आम्ही वारंवार घेतला आहे. दप्तरात नाव नाही, म्हणून माणूस नव्हता असे ठरविणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. क्राकाटोआच्या पाहण्यांचे अहवाल साहेबांच्या नावांवर आहेत; त्यांच्या पेट्या डोक्यावरून वाहणाऱ्या, होड्या वल्हविणाऱ्या जावानी माणसांची नावे त्यांत शोधावी लागतील. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक जर्मन गृहस्थ प्युमिस खणण्यासाठी राकातावर काही वर्षे राहिला आणि त्याने तेथे बाग केली. त्याच्याबरोबर काय काय आले, हाही नोंदीचा प्रश्न आहे.

समाजाचा उल्लेख आला, म्हणून एक खुलासा करणे अवश्य वाटते. निसर्गात अमुक आहे म्हणून समाजातही तेच योग्य, अशी मांडणी करणारे पुष्कळ झाले. युरोपात ‘जगण्याच्या लढाई’चा आधार घेऊन परकी सत्ता न्याय्य ठरविली गेली. आपल्याकडे वर्णव्यवस्थेला सृष्टिनियमाचे वस्त्र नेसविले गेले; वंशशुद्धीच्या जीवशास्त्रीय नावाखाली जातीचे समर्थन झाले. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या समर्थनाची तपासणी करून ते फेटाळून लावले आहे. वृक्षांना हेतू नसतो, कायदा नसतो, अन्यायाची जाणीव नसते. माणसाला ती आहे. म्हणून झाडांच्या वस्तीवरून माणसांच्या वस्तीचा कायदा कोणी काढू लागला, तर विद्यार्थ्यांनी त्याला आधारे विचारावा. आणि उदाहरणच घ्यायचे तर पूर्ण घ्यावे : क्राकाटोआवर ‘श्रेष्ठ’ बी आधी आले नाही. अरण्याचा राजा म्हणविणारा महावृक्ष अजून पलीकडच्या किनाऱ्यावरच आहे, आणि काठावर प्रथम उतरली ती वाळूवर लोळणारी मर्यादवेल.

बोधिवृक्षाचा उल्लेख केल्यावाचून पिंपळाविषयीचे कोणतेही लेखन आमच्या हातून पुरे होत नाही. पिंपळाचे बी पक्ष्यांच्या पोटातून जाते. जुन्या भिंतीच्या फटीत, विहिरीच्या कड्यात, कौलांच्या सांध्यात कोणी न लावता उगवणारा पिंपळ सर्वांनी पाहिला आहे. उघडा पडलेला दगड हीच त्याची आवडती जागा. परंतु विनयपिटकात, जेथे भिक्षूंनी वनस्पतींचा नाश करू नये असा नियम आहे, तेथे अस्सत्थ म्हणजे पिंपळ, निग्रोध म्हणजे वड आणि उदुंबर यांची गणना बीजबीजांत नसून खंधबीजांत आहे, म्हणजे खोडाच्या वा फांदीच्या तुकड्यापासून होणाऱ्यांत. हळद-आले मूलबीजांत, ऊस-बांबू फळुबीजांत, धान्ये बीजबीजांत. ही शेतकऱ्याची विभागणी आहे. लावणी कशी करतात, त्यावरून केलेली. अशोकाच्या काळी संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार सिंहलद्वीपास गेल्या आणि ती अनुराधपुरास लावली गेली, असे महावंस सांगतो. त्याच अनुराधपूरच्या वृक्षाचा अंश भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणला. येथे वाहन पक्षी नव्हते, वारा नव्हता. जहाज होते, आणि ते नेण्याचा निश्चय करणारी माणसे होती.

माणूस हेही बीजप्रसाराचे वाहन आहे, आणि तो नेहमी विचारपूर्वकच वाहतो असे नाही. गाजरगवत पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नजरेस आले आणि आज ते कोठे नाही, हे सांगणे अवघड आहे. ते आयात धान्याबरोबर आले, असे सामान्यतः मानतात. वेडी बाभूळ शेळ्यामेंढ्यांनी शेंगा खाऊन लेंड्यांतून पसरविली. घाणेरीची फळे बुलबुलांनी. कुसळ आणि आघाडा आपल्या धोतर-पायजम्याला चिकटून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात.

म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. आपल्या परिसरात उघडी पडलेली जमीन शोधायला क्राकाटोआपर्यंत जावे लागत नाही. नव्या रस्त्यासाठी कापलेली दरड, खाणीचा सोडून दिलेला तळ, धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन, पडक्या घराचा चौथरा, यांतील कोणतीही एक जागा निवडावी. दोन मीटर लांब-रुंद चौकोन सुतळीने आखून घ्यावा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी त्यात उगवलेले प्रत्येक रोप मोजावे. नाव माहीत नसेल तर पान वहीत दाबून ठेवावे आणि आजीला किंवा गुराख्याला विचारावे. त्यांना पुष्कळदा आमच्यापेक्षा अधिक माहीत असते. प्रत्येक रोपापुढे ते कशाने आले असावे ते लिहावे : वारा, पाणी, पक्षी, जनावर की माणूस. जवळचे त्याच जातीचे मोठे झाड किती पावलांवर आहे, तेही मोजावे. वहीच्या शेवटच्या रकान्यात, ज्यांनी सुतळी धरली, पाटी उचलली, पाणी आणले, त्या सर्वांची नावे तारखेसह लिहावीत.